रिपोर्टमध्ये 'पूरग्रस्त नाही' आणि सीटखाली चिपळूणचा गाळ

जुन्या गाड्या ऑनलाइन विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीकडनं गाडी घेतली होती, ती परत करून पैसे हातात आले म्हणून आता निवांत बसून लिहितेय. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण तडजोडीच्या कागदावर तसं मान्य केलंय आणि सही केलीये तर ती पाळायची. पण बाकी सगळं लिहिणार. आमच्या सोसायटीतच गेल्या वर्षभरात बऱ्याच जणांनी अशा ॲपवरनं गाड्या घेतल्यात आणि अजून घेणार आहेत, त्यांना हे माहीत असलेलं बरं.

रेटिंग द्यायचं तर ॲप आणि लोनचं काम पाचपैकी चार, डिलिव्हरी चार, गाडीची तपासणी शून्य, तक्रार निवारण एक. तपासणीला शून्य दिलं म्हणजे बाकीच्या चारांना काही अर्थ उरत नाही, कारण आपण ह्या लोकांना जास्तीचे पैसे देतो ते तपासणीचेच. तीच गाडी ओळखीच्या एजंटकडे तीस-चाळीस हजार कमीत मिळाली असती. आपण म्हणतो असू दे, ह्यांनी आतून बाहेरून बघितलीये, लेखी रिपोर्ट दिलाय, डोक्याला ताप नको.

गाडी २०१८ ची पेट्रोल ऑटोमॅटिक हॅचबॅक, एमएच ०८ पासिंग, सेकंड ओनर, किंमत ५ लाख ४० हजार. २०२४ च्या उन्हाळ्यात घेतली. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यांना रिक्षात चढउतार जमत नव्हती, फिजिओकडे न्यायला घरची गाडी हवी होती आणि क्लच दाबून सिंहगड रोडच्या ट्रॅफिकमध्ये मला जमत नाही म्हणून ऑटोमॅटिक. टेस्ट ड्राइव्ह घेतली, इंजिन गुळगुळीत, एसी गार, आतून चकाचक. रिपोर्टची पीडीएफ आली त्यात एक ओळ ठळक होती: नॉन-अ‍ॅक्सिडेंटल, नॉन-फ्लडेड, मीटर छेडछाड नाही. म्हणजे अपघात झालेला नाही, पुरात बुडालेली नाही, मीटर मागे फिरवलेलं नाही. ही एक ओळ लक्षात ठेवा, पुढचं सगळं प्रकरण हिच्यावरच उभं राहिलं.

एमएच ०८ म्हणजे रत्नागिरी, आणि रत्नागिरी पासिंगच्या हजारो चांगल्या गाड्या पुण्यात फिरतायत, नंबर बघून कुणी नाकं मुरडू नयेत. माझ्या गाडीच्या बाबतीत झालं असं की पहिला पाऊस लागला आणि एअरबॅगचा लाल दिवा लागला तो विझेचना. मग उजवीकडची मागची काच अडकायला लागली, सेंट्रल लॉक मधूनच आपोआप पडायचं, आणि काचा बंद करून तासभर गाडी उन्हात ठेवली की आतून एक कुबट वास यायचा, ओल्या गोणपाटाला येतो ना तसा. परफ्यूम काढून टाकल्यावर तो कळला. डिलिव्हरीच्या वेळी डॅशबोर्डवर नवंकोरं परफ्यूम लावून दिलेलं होतं.

गाडी परत करायची मुदत तोवर संपलेली. कस्टमर केअरला फोन केला तर मॅडम तुमची वॉरंटी इंजिन आणि गिअरबॉक्सची आहे, इलेक्ट्रिकल त्यात येत नाही. तरी गुडविल म्हणून वर्कशॉपला पाठवा म्हणाले. तिथे त्यांनी काय केलं तर स्कॅनर लावला, गाडीने नोंदवलेला बिघाडाचा कोड पुसला, दिवा गेला, गाडी परत. थोडे दिवस बरं चाललं आणि पुन्हा लाल दिवा. पुन्हा वर्कशॉप, पुन्हा कोड पुसला. मी विचारलं कोड कशामुळे येतोय ते शोधलं का, तर त्याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं.

शेवटी धनकवडीच्या आमच्या नेहमीच्या मेकॅनिककडे गेले. हा माणूस मूळचा रत्नागिरीतल्या खेडचा, अर्धं आयुष्य पुण्यात गेलेलं. त्याने बॉनेट उघडलंच नाही. आधी ड्रायव्हरच्या सीटचा बेल्ट धरला आणि ओढत ओढत पार शेवटपर्यंत बाहेर काढला, जो भाग आपण कधीच बाहेर काढत नाही. शेवटच्या वीतभर पट्ट्यावर आडवी तांबूस रेघ होती, तिच्या एका बाजूला पट्टा काळा आणि दुसऱ्या बाजूला मातकट. मग सीटचे बोल्ट काढून सीट मागे कलती केली, कार्पेट उचललं. कार्पेट नवं होतं पण त्याच्या खालचा फोम जुनाच, त्याने फोम चिमटीत दाबला तर बोटांवर तांबडी बारीक पूड आली. सीटखाली एअरबॅगच्या वायरिंगचे पिवळे कनेक्टर असतात, त्यातला एक सोडवून त्याने टॉर्च मारून दाखवला, आतल्या पिना हिरव्या पडलेल्या. सीट ज्यावर सरकते त्या पट्ट्या गंजलेल्या आणि वरून काळा स्प्रे मारलेला. तो म्हणाला, "ताई, ही माती पुण्याची नाय. ही गाडी आमच्याकडच्या पुरातली हाय, चिपळूणला पाणी भरलं तेव्हाची असणार."

२२ जुलै २०२१. वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं आणि बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत चढलं, ते फोटो सगळ्यांनी पाहिलेत. शेकडो गाड्या बुडाल्या. अशा गाडीचं पुढे काय होतं हे तेव्हा मी कधी विचारात घेतलं नव्हतं, आता पाठ झालंय. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी टोटल लॉस धरते, मालकाला पैसे मिळतात, आणि ओली गाडी सॅल्व्हेज म्हणून लिलावात जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आरटीओला कळवून नोंदणी रद्द करायची असते. पण लिलावात घेणारा ती भंगारासाठी घेतच नाही, तो आरसीसकट घेतो, धुतो, वाळवतो, कार्पेट टाकतो, पॉलिश मारतो, नावावर करतो आणि पुढे विकतो. कागदावर सगळं स्वच्छ. आरसी बघून, एमपरिवहन ॲप बघून हे तुम्हाला कळणारच नाही, तिथे फक्त कितवा मालक, विमा कधीपर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, एवढंच दिसतं.

मला सगळ्यात जास्त संताप पैशाचा नाही आला. एअरबॅगचा जो मेंदू असतो तो बहुतेक गाड्यांत दोन सीटच्या मधे, गिअरच्या खाली, जमिनीलगत बसवलेला असतो. पाणी आत आलं की ते सगळ्यात आधी तिथे पोचतं. लाल दिवा लागलेला असला म्हणजे धडक झाली तर एअरबॅग उघडेल ह्याची खात्री नाही. त्या गाडीत मागच्या सीटवर माझी मुलगी बसत होती, पुढे सासूबाई. आणि ह्या कंपनीच्या माणसाने त्याच गाडीखाली, त्याच सीटजवळ टॉर्च घेऊन तपासणी केली असं लेखी दिलेलं. कनेक्टर सोडवायचं एक वेळ सोडा, बेल्ट पूर्ण ओढून बघायला अर्धा मिनिट लागतो. तेवढंही केलं नाही, किंवा केलं आणि लिहिलं नाही. दोन्ही तितकंच वाईट.

ह्याच काळात एक एजंट भेटला, म्हणाला कशाला भानगडीत पडता, मी दिवा बंद करून देतो, तुम्ही पुढच्याला विकून टाका, चार लाख आरामात येतील. दिवा बंद करतो म्हणजे काय करतो तर मीटरच्या मागून तो दिवाच काढून टाकतात. म्हणून जुनी गाडी बघताना किल्ली फिरवली की एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे, लागलाच नाही तर कुणीतरी हात मारलाय. त्या एजंटला मी नाही म्हटलं. पुढच्या माणसाच्या घरातही कुणीतरी पुढच्या सीटवर बसणारच आहे ना. ही गाडी रस्त्यावर पुन्हा कुणाच्या गळ्यात जाता कामा नये हे तेव्हाच ठरलं होतं, आणि नवऱ्यानेही एका शब्दाने अडवलं नाही, ईएमआय चालू असताना सुद्धा.

मग कागद जमवायला सुरुवात केली. पहिलं म्हणजे ऑथराइज्ड सर्व्हिस सेंटर. आरसी आता माझ्या नावावर होती, ती दाखवून गाडीची सर्व्हिस हिस्टरी मागितली. २०२१ च्या जुलैपर्यंत सर्व्हिसिंग व्यवस्थित, मग ऑगस्ट २०२१ ला एक नोंद, गाडी टोइंग करून आणली, एस्टिमेट केलं, काम केलं नाही. त्यानंतर त्या सेंटरच्या सिस्टीममध्ये एकही नोंद नाही. त्याच सेंटरकडनं आत्ताच्या बिघाडाचं एस्टिमेट घेतलं, वायरिंग हार्नेस, एअरबॅगचं मोड्यूल, बेल्ट सगळं मिळून सव्वा लाखाच्या वर. मग परवाना असलेल्या एका मोटार सर्व्हेयरला बोलावून फोटोंसकट रिपोर्ट करून घेतला. आपला मेकॅनिक कितीही बरोबर असला तरी पुढे सही-शिक्क्याचा कागदच लागतो.

आणि एक कागद नशिबाने मिळाला. डिलिव्हरीच्या फाईलमध्ये आधीच्या ट्रान्सफरच्या फॉर्म ३० ची झेरॉक्स राहिली होती, तिच्यावर पहिल्या मालकांचा पत्ता. मी साधं पोस्टाने पत्र टाकलं, सगळं खरं खरं लिहून. काही दिवसांनी त्यांचाच फोन आला. अतिशय सज्जन माणूस. म्हणाले वहिनी, गाडी पूर्ण बुडाली होती, छत तेवढं दिसत होतं, क्लेम टोटल लॉसमध्ये सेटल झाला आणि गाडी विमा कंपनीने नेली, ती परत रस्त्यावर येईल असं वाटलंच नव्हतं. त्यांनी पाणी उतरल्यावरचा फोटो पाठवला, दारात चिखलात रुतलेली गाडी, नंबर प्लेट स्पष्ट वाचता येतीये. त्यांच्या स्वतःच्या घरात गाळ शिरलेला, त्या आठवणी उकरून काढून त्यांनी मला मदत केली, ह्याबद्दल त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे.

आता कंपनीची बाजू. ई-कॉमर्सचे २०२० चे नियम आहेत त्यात प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. हे मला कळल्यावर मी कस्टमर केअरला फोन करणंच बंद केलं. फोनवर तासन्‌तास बोला, समोरची मुलं बिचारी गोड बोलतात, तिकीट नंबर देतात, तिकीट आपोआप बंद होतं, आणि तुमच्या हातात काही राहत नाही. सगळं त्या अधिकाऱ्याच्या ईमेलवर. पोच वेळेत आली. निवारण काय तर आधी २० हजारांचं क्रेडिट, ॲपवर पुढची गाडी घेताना वापरायचं! मग म्हणाले आजच्या बाजारभावाने आम्हीच गाडी परत विकत घेतो, ३ लाख ९० हजार. म्हणजे खोटं सांगून ५ लाख ४० ला विकायची, खोटं उघडं पडल्यावर दीड लाख कापून परत घ्यायची आणि त्याला ग्राहकसेवा म्हणायचं. मी स्पष्ट लिहिलं की माझी मागणी वॉरंटीखाली नाहीच आहे. वॉरंटीत काय बसतं काय नाही हा विषयच काढू नका. तुम्ही वस्तूचं वर्णन खोटं दिलंत, ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे, मला पूर्ण पैसे परत हवेत. हा फरक फार महत्त्वाचा आहे, कंपनी तुम्हाला पुन्हा पुन्हा वॉरंटीच्या गल्लीत ओढत राहते.

त्यावर उत्तर आलं की आम्ही फक्त मार्केटप्लेस आहोत, विकणारा वेगळा. मी पावत्या काढून बघितल्या तर गाडीचे पैसे एका कंपनीच्या नावाने, सर्व्हिस फी दुसऱ्या कंपनीच्या नावाने, दोन्हींचा रजिस्टर्ड पत्ता एकच. शिवाय १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरना आरटीओकडनं अधिकृत परवाना घ्यावा लागतो, आणि मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९सी ने तशी सूचना पोर्टलवर जाते आणि तिथून पुढे डीलर हाच मालक मानला जातो. मग आम्ही मधलेच, आम्हाला काय माहीत, हे कसं चालेल? पुढे तक्रार दाखल केली तेव्हा दोन्ही कंपन्यांना पार्टी केलं.

१९१५ ला पण तक्रार केली, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतही बोलता येतं. त्यांनी तक्रार कंपनीकडे पाठवली, पाठपुरावा केला, पण हेल्पलाइनला आदेश देण्याचा अधिकार नसतो हे आधीच माहीत असू द्या. ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांचा मात्र फार उपयोग झाला. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यातच सुरू केलेली ही चळवळ, अजूनही माणसं आपला वेळ देऊन शांतपणे कागद वाचून देतात. ज्या काकांनी माझी फाईल बघितली त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "ॲपवरच्या जाहिरातीचं पान ठेवलंय का?" कारण गाडी विकली की ते पान गायब होतं. नवऱ्याला प्रत्येक गोष्टीचा स्क्रीनशॉट काढायची सवय आहे, त्याच्या फोनमध्ये ते पान होतं, 'नॉन-फ्लडेड' च्या हिरव्या टिकमार्कसकट, रिपोर्टची पीडीएफ होतीच. स्क्रीनशॉट पुरावा म्हणून द्यायचे तर सोबत प्रमाणपत्र लागतं, पूर्वी ते ६५बी चं म्हणायचे, जुलै २०२४ पासून नव्या साक्ष अधिनियमात कलम ६३ आहे. काकांनी त्याचा नमुना दिला.

वकील न करता तक्रार दाखल करता येते, मी तशीच केली. जिल्हा ग्राहक आयोगात ५० लाखांपर्यंतच्या खरेदीची तक्रार जाते, फी ५ लाखांपर्यंत काहीच नाही आणि ५ ते १० लाखांना २०० रुपये. दोनशे रुपये! ही रक्कम मुद्दाम लिहितेय कारण कोर्ट म्हटलं की माणसं खर्चाच्या धाकानेच गप्प बसतात. दुसरं म्हणजे २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात जाता येतं. कंपनीच्या अटींमध्ये लिहिलं होतं की वाद झाला तर लवाद, म्हणजे कोर्टाबाहेर पंचाकडून निवाडा, आणि तोही परराज्यातल्या एका शहरात. ते वाचून मी एक रात्र झोपले नाही. मग कळलं की सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच एमार एमजीएफ विरुद्ध आफताब सिंग प्रकरणात सांगितलंय की लवादाची अट असली तरी ग्राहकाला ग्राहक न्यायालयात जाण्यापासून अडवता येत नाही. आधी नोटीस दिली, रजिस्टर पोस्टाने आणि ईमेलने, मुदत देऊन. मग ई-दाखिल वर तक्रार भरली, आता तेच काम ई-जागृती पोर्टलवर होतं. मुदत दोन वर्षांची असते पण एवढं थांबू नका, गाडी जितकी वापराल तितकं समोरचा म्हणणार की वापरली ना.

आणि तेच म्हणाले. त्यांचं लेखी उत्तर आलं त्यात ग्राहकाने टेस्ट ड्राइव्ह घेतली, समाधानाची सही केली, गाडी वापरली, सबब आता तक्रार नाही. समाधानाची सही म्हणजे डिलिव्हरीच्या वेळी टॅबवर बोटाने मारायला लावतात ती. त्यावर मी एवढंच मांडलं की जी गोष्ट कार्पेटखाली झाकून दिली तिच्याबद्दल मी समाधान कसं व्यक्त करणार, आणि झाकलेलं बघायचं काम तुमचं होतं म्हणून तर तपासणीचा रिपोर्ट. चिखलातला फोटो, टोइंगची नोंद, सर्व्हेयरचा रिपोर्ट आणि 'नॉन-फ्लडेड' ची ओळ, हे चार कागद शेजारी शेजारी लावून दिले. दुसरं काही फारसं बोलायची गरजच पडली नाही.

तारखा पडतात, वेळ लागतो, कायद्यात तीन महिने आणि वस्तूची तपासणी लागणार असेल तर पाच महिने असं लिहिलेलं असलं तरी तेवढ्यात होईल अशी आशा धरून रजा टाकू नका. आमचं मध्यस्थीवर गेलं, कायद्यातच तशी सोय आहे, दोघांची संमती असली तर. तिथे कंपनीचा वकील पहिल्यांदा दुरुस्ती करून देतो म्हणाला, मी नको म्हटलं, बुडालेलं वायरिंग आज एक कनेक्टर बदलला तर उद्या दुसरा जातो. मग गाडीची पूर्ण किंमत द्यायला तयार झाले. तिथे घाईत हो म्हणू नका हे मला काकांनी बजावलं होतं, कारण गाडीची किंमत म्हणजे तुमचं नुकसान नव्हे. विम्याचा हप्ता, आरसी ट्रान्सफरचे पैसे, सर्व्हिस फी, कर्ज आधी फेडण्याचा दंड, तोवर भरलेलं व्याज, सर्व्हेयरची फी, हे सगळं पावत्यांसकट एका कागदावर मांडलं. व्याज पूर्ण नाही मिळालं, मानसिक त्रासाची भरपाई पण मी सोडली, बाकी सगळं मिळालं. ती भरपाई सोडली कारण गाडी कुणी चालवणार नाही ह्याची एक अट मला घालून हवी होती, आणि ती मिळाली: गाडी दुरुस्त करून पुन्हा विकायची नाही, नोंदणी रद्द करायची, आणि झाल्यावर मला कळवायचं. त्यांच्या वकिलाला ह्या अटीचं फार आश्चर्य वाटलं होतं. मला पैशाइतकीच ती हवी होती.

कंपनीबद्दल चांगलं काय ते पण सांगते. तडजोड झाल्यावर पैसे ठरल्या तारखेच्या आत आले, बँकेची एनओसी आणि आरसीवरचा कर्जाचा बोजा उतरवायच्या फॉर्म ३५ साठी त्यांच्या माणसाने खरंच धावपळ केली. म्हणजे काम करायचं ठरवलं तर जमतं ह्यांना. हेच पहिल्या ईमेलला केलं असतं तर मी आज ह्याच कंपनीची दहा जणांना शिफारस केली असती. पुन्हा ह्यांच्याकडनं गाडी घेईन का, तर नाही. दुसऱ्या कुठल्या ॲपवरनं? घ्यायची वेळ आलीच तर पैसे भरायच्या आधी सर्व्हिस सेंटरची हिस्टरी मागेन, मिळत नसेल तर गाडी सोडेन, आधीच्या पॉलिसीवर काय काय क्लेम झाले ते लेखी मागेन, आणि आपला मेकॅनिक घेऊन जाईन. त्यांची माणसं गाडीला हात लावू देत नसतील तर तिथूनच परत फिरायचं. 'नॉन-फ्लडेड' चं पान आणि रिपोर्ट आधी डाऊनलोड करायचा, मगच टोकन.

गाडी परत देताना एक काळजी घ्या. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर त्या गाडीने कुठे अपघात केला तर जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, सुप्रीम कोर्टाने नवीन कुमार प्रकरणात २०१८ ला हेच म्हटलंय, नोंदणीत ज्याचं नाव तो मालक. म्हणून नुसती किल्ली देऊन मोकळं व्हायचं नाही. आम्ही ताबा दिल्याची पावती घेतली, तारीख, वेळ, मीटरचं रीडिंग, दोन्हीकडच्या सह्या, गाडीचे चारही बाजूंनी फोटो. फास्टॅग काढून बंद केला. विमा कंपनीला लेखी कळवलं. गाडी टोइंगवरच नेली पाहिजे असा आग्रह धरला आणि त्यांनी क्रेन पाठवली. मग रोज रात्री एमपरिवहनवर नंबर टाकून बघत होते, माझं नाव जाईपर्यंत. नाव गेलं, आणि नंतर काही आठवड्यांनी नोंदणी रद्द झाल्याची प्रत ईमेलवर आली, ती मी चिपळूणच्या पहिल्या मालकांनाही पाठवली.